पडद्यावर काही दिसू नये

क्लासचे जुने सोबती भेटले की किस्से संपत नाहीत. एक निघाला की त्याच्या मागून दुसरा. हसतो भरपूर, पण उठताना मन खट्टू झालेलं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मशीन एकच, शिकणारे ढीगभर! म्हणून सरांची शिस्त: प्रोग्रॅमचं उत्तर पडद्यावर वाचत बसायचं नाही. कमांडपुढे बाणाचं चिन्ह लावून ते फाइलमध्ये वळवायचं आणि उठायचं. फाइल पुढच्या पाळीला बघायची.

*

मंगलने एकदा फाइलऐवजी प्रिंटरचं नाव टाकलं. प्रिंटर बंद, मशीन गपगार. सर वायरी हलवून दमले. मग कुणीतरी प्रिंटर चालू केला आणि तो असा खडखडला, की खालचे शेठजी छत पडतंय म्हणून रस्त्यावर पळाले!

*

रफिकच्या फाइलचं नाव ‘टेस्ट’. बाकी निम्म्या क्लासच्याही फाइलचं तेच. नंतरच्याचं उत्तर आधीच्याचं पुसून टाकायचं. रफिक दुसऱ्याचंच उत्तर उघडायचा आणि म्हणायचा, ‘‘बिलकुल बराबर!’’

पुढे तो गॅरेजात लागला. हुशार होता. त्याचं स्वतःचं उत्तर आम्ही कधी पाहिलंच नाही, याचं वाईट वाटतं.

*

आमच्यात सगळ्यात तयार गजानन, पिंपळगाव रेणुकाईचा. बियाण्यांच्या एका कंपनीचे साहेब नोकरीसाठी त्याचं काम बघायला क्लासमध्ये आले. वडीलही गावाहून आल्ते, बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले.

गजाननने कमांड दिली, सवयीने बाणासकट. पडदा कोरा. तो समाधानाने उठून उभा राहिला.

‘‘झालं, साहेब.’’

‘‘काय झालं? मला तर काही दिसलं नाही.’’

त्याच्या लक्षात आलं, तो फाइल उघडायला वाकला आणि लाइट गेली. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, कळवतो म्हणाले आणि जिना उतरले.

लाइट आली तेव्हा जीप निघून गेल्ती. गजाननने फाइल उघडली. वाणवार, गाववार, बेरजेसकट बियाण्यांच्या विक्रीचा सगळा हिशेब पडद्यावर सरकू लागला. एक आकडा चुकलेला नव्हता.

वडील उठून त्याच्या मागे उभे राहिले. वाचता येत नव्हतं, तरी शेवटच्या ओळीपर्यंत बघत राहिले.

‘‘मंग हे त्यायला काहून न्हाई दाखवलं, बाबू?’’