ओठांवरचं बोट

मी बोलायला लागले की मयताच्या घरातही माणसं हसतात, असं माझा भाऊ म्हणतो. पण त्या मे महिन्यात तीन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि वर कुणी ऐकणारं आहे यावरचा विश्वासही डळमळला होता.

भावाची मुलगी रीना पाच वर्षांची. तिच्या चड्डीला रक्ताचे डाग दिसू लागले. ताप नाही, दुखणं नाही. एका डॉक्टरांनी लघवीचं औषध दिलं, रक्त थांबेना. शेजारीण कुजबुजली, "एवढ्यात मोठी झाली की काय?" वसईतल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आम्हाला बसवून विचारलं, "पडली का? कुठे लागलं? काही वेगळं घडलं?" सगळे नाही म्हणालो. मग त्या म्हणाल्या, आत गाठ असू शकते, उद्या भूल देऊन बघू. वहिनी भिंतीला टेकून खालीच बसली. रीनाने माझ्याकडे बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं.

कारण आदल्या आठवड्यात, वहिनी माहेरी असताना, केळीच्या बागेमागच्या बावखलात, त्या हिरव्या तळ्यात, मीच तिला तासन्‌तास डुंबू दिलं होतं. वहिनीची सक्त मनाई होती. "आईला सांगायचं नाही हं," अशी शपथही मीच घातली. रक्ताचा त्या पाण्याशी संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. मी फक्त वहिनीला घाबरत होते. संध्याकाळी चर्चमध्ये मारियामातेपुढे नवसाची मेणाची बाहुली ठेवली आणि चक्क सौदा केला: पोर बरी कर, वर्षभर बडबड करणार नाही. मातेला हसूच आलं असेल.

सकाळी दवाखान्याच्या बाकावर अळूची टोपली घेऊन लाल लुगड्यातली एक म्हातारी शेजारी टेकली. पोरीला काय झालं, तिने विचारलं. मी सांगितलं.

"बावखलात न्हानली का गं?" ती म्हणाली. "माझ्या धाकटीला जळू शिरलेली तशी. रगत थांबंना."

मी तशीच आत घुसले आणि वहिनीसमोर सगळं ओकले. डॉक्टरीणबाईंनी भुलीची तयारी थांबवली, मिठाच्या पाण्याने हलकेच धुतलं, आणि काळी जळू बाहेर आली.

मी धावत बाहेर आले तर बाक रिकामा. म्हातारी अळू विकायला गेली असेल, मी वाद घालत नाही. मातेच्या पायाशी मी सगळं ठेवलं होतं, फक्त माझा खोटेपणा पदरात बांधून ठेवला होता. तिने आधी तोच सोडवून घेतला. वहिनी महिनाभर माझ्याशी बोलली नाही, बरोबरच होतं.

त्या दिवशी घरी जाताना रीना कानात म्हणाली, "आत्या, आता सांगायचं का?"

"सांगितलं गं, सगळं."

पोरीने हुश्श केलं.