वेस उघडायचा मान

आमचं गाव ऐतिहासिक आहे. हे मी म्हणत नाही, बसस्टँडच्या भिंतीवर लिहिलंय. त्याच्याच खाली 'येथे लघवी करू नये' असंही लिहिलंय. दोन्ही वाक्यं लोक सारख्याच निष्ठेनं वाचतात.

सांगली जिल्ह्याच्या अगदी कडेला आमचं गाव. थोडं पुढं गेलं की दुकानांच्या पाट्या कानडी होतात. मी नोकरीमुळं साताऱ्यात राहते. तिथं गावाचं नाव सांगितलं की हमखास विचारतात, "ते कर्नाटकात ना?" साताऱ्याच्या माणसाला राजधानीबाहेरचं जग थोडं धूसरच दिसतं, त्याला इलाज नाही. पण आमच्याकडं हा प्रश्न फार झोंबतो. म्हणून सीमा जितकी जवळ, तितका झेंडा मोठा. सकाळी बाजारात मेथीच्या जुडीसाठी कानडीत घासाघीस करणारी माणसं संध्याकाळी मीटिंगला बसली की आपल्याला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही असं सांगतात.

आता अभिमान धरायचा तर काहीतरी हातात पाहिजे. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, साताऱ्याचा किल्ला. आमची काय, तर वेस. म्हणजे होती. दगडी, उंच, गावात शिरायची एकच वाट. उसाचे ट्रॅक्टर तिच्यात अडकायला लागले तेव्हा ती पाडली, आणि दगड ज्याच्या त्याच्या घराच्या पायात गेले. काही वर्षांनी गावाला इतिहासाची आठवण झाली. मग त्याच जागी सिमेंटची वेस उभी राहिली, वर दगडाचा रंग, मध्ये पांढऱ्या रेषा. तिची उंची मात्र ट्रॅक्टर मोजून ठेवली.

तिच्या उद्घाटनाला गौरव सोहळा ठरला आणि गावात मानावरून जुंपली. नारळ कुणी फोडायचा, मशाल कुणी धरायची, घोड्यावर कोण बसणार, पहिला फेटा कुणाला. फेट्यावरून दोन सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं. जो तो म्हणे, हा मान पिढ्यानपिढ्या आमचा. एका घराण्याचा मान तर चवरी ढाळायचा निघाला. कुणावर ढाळायची, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी सुट्टीला आले होते. एका सकाळी समितीचे अध्यक्ष आणि दोघंतिघं आमच्या दारात आले. आमचं घर वेशीबाहेरच्या वस्तीत, बुद्धविहाराला लागून. एरवी ही मंडळी मतं मागायलाच यायची, आणि तीही मोटारसायकलवरून न उतरता. या वेळी चपला काढून आत बसली. माझे वडील, त्यांना मी आबा म्हणते, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना हवालदारच म्हणतं.

"आवं हवालदार," अध्यक्ष म्हणाले, "यंदा पयला मान तुमचा. वेस तुमी उघडायची. न्हाई म्हणू नका."

आबांनी बसल्याजागी पाठ ताठ केली. "माझा?"

"तुमचाच. तुमच्याबिगर सोहळा हुतोय व्हय?"

चहा झाला. आईनं पाहुण्यांसाठीचे कप काढले होते, आणि ती मंडळी खरंच प्याली. मी ते बघत होते आणि मला जरा वेडेपणानं बरंही वाटलं.

आबांना आयुष्यभर एक गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी कधी तोंडानं मागितली नाही. बर्फातल्या पोस्टवर पायाची दोन बोटं ठेवून आलेला माणूस. पण झेंडावंदनाला गावातले बाकीचे फौजी खुर्चीवर बसायचे आणि आबा बाजूला उभे राहायचे, आपल्यालाही कुणी बोलावील म्हणून. बोलावणं आलं नाही. आता आलं होतं. त्यांनी ट्रंकेतून ब्लेझर काढला, पदकं ब्रासोनं घासली. बुटांना पालिश करायला आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही.

"शेवटी फौजेची कदर हुती," ते आईला म्हणाले. "जरा येळ लागतो."

सोहळ्याच्या सकाळी आम्ही वेशीपाशी गेलो. मधोमध प्लायवूडचे दोन दरवाजे बसवले होते आणि त्यांवर खिळे रंगवले होते. फेटेवाले सगळे हजर. अध्यक्षांनी आबांकडं वरून खाली पाहिलं, हसले आणि मागं हात केला. कार्यकर्त्यानं एक पिशवी आणून दिली. तिच्यात धोतर होतं, काळी घोंगडी होती, आणि बरोबर घुंगरं बांधलेली एक काठी.

"हे घाला आबा. कोट काढा तेवढा. जुन्या काळातलं दिसाया पायजे."

हवालदार आता आबा झाले होते.

माझ्या आजोबांकडं वेसकरकी होती. रात्री वेस बंद करायची, पहाटे उघडायची, घुंगरांची काठी आपटत रात्रभर गाव राखायचं आणि सकाळी दारोदार जाऊन शिळी भाकरी मागायची. गावाचा दरवाजा ज्याच्या हातात, तो स्वतः राहायचा दरवाजाबाहेर. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आजोबांनी काठी आणि घोंगडी ओढ्यात टाकली. गावानं वस्तीचा किराणा बंद केला आणि दळणही. आबा तेव्हा लहान होते. उपाशी पोटी चालत सांगलीला गेलेलं त्यांना चांगलं आठवतं. आणि हे सगळं अध्यक्षांना माहीत नव्हतं असंही नाही. माहीत होतं म्हणूनच तर बरोबर आमच्या दारात आले. त्यांना तो खरोखर सन्मान वाटत होता. लबाडी असती तर मी नुसती भांडले असते. हा शुद्ध, प्रामाणिक निर्लज्जपणा होता, आणि त्याच्याशी भांडायचं कसं हे मला अजून कळलेलं नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी हात आडवा केला. घोंगडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"नवी हाय," ते म्हणाले. "चांगली हाय. हा बी मानच न्हवं?"

"व्हय तर. मोठा मान."

"मग तुमी घ्या की."

अध्यक्ष हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी घोंगडी दोन्ही हातांवर धरली आणि फेट्यावरून भांडलेल्या चुलतभावांपैकी थोरल्यापुढं नेली. तो एक पाऊल मागं सरला. मग मशालवाल्यापुढं. तो मशालीकडं बघायला लागला. घोड्यावरच्यापुढं गेले, तर त्यानं घोडंच वळवलं. चवरीवालं घराणं गर्दीत कुठं नाहीसं झालं ते कळलंही नाही. गेले कित्येक दिवस एकेका मानासाठी एकमेकांचे गळे धरणारी माणसं, आणि हा मान फुकट मिळत होता तर घ्यायला एक हात पुढं येईना.

"आमच्यातलं कसं कोण घालंल?" अध्यक्ष शेवटी हळू आवाजात म्हणाले. "पावणेरावळे बघत्यात."

आबांनी घोंगडी घडी घालून प्लायवूडच्या पायाशी ठेवली, वर काठी ठेवली, आणि आम्ही परत फिरलो. वेस पुढं कुणी उघडली मला माहीत नाही. दुपारपर्यंत लाउडस्पीकरवरून इतिहास ऐकू येत होता.

घरी येईपर्यंत मला आबांचा इतका अभिमान वाटत होता की काय बोलू आणि काय नको असं झालं होतं. तोंडसुख घ्यायला शब्द तयारच होते. मी एकेकाचा उद्धार सुरू केला, तशी आई म्हणाली, "गप बस जरा."

आबा ब्लेझर न काढताच पलंगावर बसले होते.

"तुला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं. "मी कोट न काढता वेस उघडतो म्हणालो असतो, तर उघडू दिली असती का त्यांनी?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी 'नाही' म्हणाले.

"व्हय, न्हाईच," ते म्हणाले, आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकले.