तेलखडूंतला कुलूपवाला

पेंटरबाईंनी एकतीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. वडिलांचा धंदा, वडील गेले तसे ब्रश यांच्या हातात आले आणि लग्नाचा विषय मागे पडत पडत एकदाचा बंदच झाला. पत्र्याला आधी प्रायमर, वर ऑइलपेंटचे दोन हात, मग आखलेल्या रेघांत अक्षरं. रंग रेघेबाहेर केसभरही जात नसे. गेलाच तर सबंध पाटी पुसून पुन्हा करत. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, चालेल." त्या म्हणायच्या, "तुम्हाला चालेल."

पंचावन्नाव्या वर्षी खोकला लागला, तो जाईना. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

"कुणी नाही. टर्पेंटाइन असतं."

"मग ते बंद. रंग, थिनर, सगळंच. आजपासून."

आठवड्याभरात पेंटरबाईंनी डबे वाटून टाकले, कामाची खोली झाडून घेतली आणि थोरल्या बहिणीच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन बसल्या. ताईंचा स्वभाव फटकळ. "तोंड पाडून बसायचंय तर निदान वह्यांवरची धूळ तरी पूस," त्या म्हणाल्या. पेंटरबाईंनी धूळ पुसली.

एक दिवस एक मास्तरीणबाई रंगांची पेटी परत घेऊन आल्या. "मी मेणाचे खडू मागितले होते. हे लोण्यासारखे पसरतात. बाकं बरबटली." पेटीतले दोन खडू मोडलेले, म्हणजे ती पुन्हा विकता येणार नव्हती. ताईंनी बदली पेटी दिली आणि परत आलेली धाकटीपुढे सरकवली. "घे. तेलखडू आहेत म्हणे. तुझंच खातं."

पेंटरबाईंनी सवयीने आधी वास घेतला. घशाला टोचेल असं काही नव्हतं. मग पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढली. जाड, कडा विस्कटलेली. "हिला रेघ म्हणायचं?" म्हणून त्यांनी पेटी खणात टाकली.

आठ दिवसांनी पुन्हा काढली, ती करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. पिवळ्यावर निळा घासला आणि बोटाने चोळला, तर पेटीत नसलेला एक हिरवा तयार झाला. केसांतली पिन काढून त्यावर ओरखडा मारला. खालचा पिवळा जसाच्या तसा वर आला. एका रंगाला दुसरा ओला रंग लागू नये म्हणून ज्यांनी जन्मभर जिवाचा आटापिटा केला, त्या बाई दुपारभर रंगांत रंग चोळत बसल्या. गिऱ्हाइकं ताईंनी एकट्यानेच पाहिली, धुसफुसत.

पहिलं चित्र ताईंचंच झालं.

"एवढी रुंद आहे मी?"

"कागद पुरला नाही."

ताईंनी चित्र पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी मात्र चित्र फळीवर होतं, अर्धं वह्यांच्या गठ्ठ्यामागे.

मग समोरच्या रस्त्यावरची माणसं सुरू झाली: शिंपी, सायकल दुरुस्तीवाला, कुलूपवाला. कुलूपवाला कधी मान वर करत नसे; कानस चालवत राही आणि पेंटरबाई त्याला कागदावर उतरवत. चित्र पाहून म्हणाला, "नाक माझं आहे. बाकी तुमचं." तरी ते घरी घेऊन गेला.

त्या हिवाळ्यात तो गेला. दुकानात बसल्या जागीच.

चार महिन्यांनी त्याची बायको आली. फडक्यातून चित्र काढून तिने काउंटरवर ठेवलं. गाल आणि हनुवटीच्या जागी तपकिरी फरकाटा होता. "मी नुसता हात लावत होते," ती म्हणाली. "रोज. हे वाळतच नाही का हो?"

"नाही. तेल असतं ना त्यात. काचेखाली ठेवायला हवं होतं. मीच सांगायला हवं होतं." चूक आपली असल्याचं पेंटरबाईंच्या मनाला लागलं. "ठेवून जा. नीट करून देते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पातं घेऊन फरकाटा खरवडला. खालचा कागद उघडा पडला आणि त्यांच्या लक्षात आलं, तो चेहरा आपल्याला आठवत नाही. काढताना माणूस समोर होता. आठवायची गरजच पडली नव्हती. त्यांनी बायकोला बोलावून घेतलं आणि खरं ते सांगून टाकलं.

ती स्टूल ओढून बसली. "हनुवटी वर घ्या. कुणी चुकीची किल्ली आणली की अशी वर जायची."

"अशी?"

"आणखी. एवढी नाही, मग गर्विष्ठ दिसतील."

"जरा हसताना काढू?"

"नको बाई. कुणी ओळखणार नाही."

तीन दुपारी असं चाललं. ती सांगायची, पेंटरबाई काढायच्या, ती नाही म्हणायची, पेंटरबाई खरवडायच्या. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच जांभळा खडू उचलला आणि डोळ्याखाली दाबून एक रेघ मारली. "इथे काळं होतं." रेघ वेडीवाकडी होती. पेंटरबाईंचं बोट चोळायला पुढे गेलं आणि थांबलं. मग त्यांनी चित्राभोवती पुठ्ठ्याची पट्टी लावली, काच चिकटणार नाही अशी, आणि फ्रेम तिच्या हातात दिली.

गोष्ट पसरली. लोक येऊन बसू लागले, नसलेल्या माणसांबद्दल सांगू लागले. "छान दिसू दे हं," असं कुणी म्हटलं की पेंटरबाई काम नाकारत. सहा वर्षांत अशी अकरा चित्रं झाली. खोकला कमी झाला, गेला नाही. रस्त्यावर त्यांच्या हातच्या दोनच पाट्या उरल्यात, बाकी सगळं फ्लेक्स. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही, असं त्या सांगतात.

अकरांपैकी एक चित्र परत आलं. एका सुनेने सासूचं करून नेलं होतं. घरात कुणाला पटेना. "आई एवढ्या प्रेमळ कधीच नव्हत्या," नवरा म्हणाला. "माझ्याशी होत्या," सून म्हणाली. ते चित्र ताईंनी दुकानात लावलंय आणि ती सून महिन्यातून एकदा काही ना काही घ्यायला येते.