तारीख विसरणारं मशीन

तरन्नुमच्या दुकानाला पाटी नाही. भवानी पेठेत तिच्याच घराची पुढची खोली, त्यात एक लांब टेबल आणि भिंतीला टेकून पोटं उघडी टाकलेले पाच-सहा कॉम्प्युटर. शनिवारी सकाळी शालन त्या उंबऱ्यावर आली ती भांडायच्या तयारीनेच. मागे नवरा सीताराम, घरचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून तान्ह्या पोरासारखा धरून उभा.

"सीड्या नाहीत," शालनने चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं. "घेतला तेव्हा दुकानदाराने दिल्याच नव्हत्या. त्यांच्याशिवाय होत असेल तर बोला."

तरन्नुमने चष्म्यावरून पाहिलं. "मी मागितल्या का, ताई? आधी बसा. पेशंट खाली ठेवा."

शालनशी असं कुणी बोलत नाही. सातवी शिकलेल्या या बाईने मार्केट यार्डातल्या कांदा-लसूण निवडणाऱ्या बायकांची संघटना उभी केली. कायद्याचं पुस्तक ओळीखाली बोट ठेवून वाचलं आणि भल्याभल्या साहेबांना कलमं तोंडपाठ ऐकवली. पण दोन दिवसांपासून घरचं मशीन बंद होतं. सोमवारी सुनावणी होती, एकशे बारा बायकांना नोंदणीचं कार्ड मिळावं म्हणून. सगळ्यांचे जबाब, सगळ्यांचे फोटो त्या डब्यात. आणि सोजरबाईचा व्हिडिओ फक्त तिथेच. यार्डाच्या पहिल्या दिवसापासून बायका तिथे निवडायला बसतात, हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारी ती एकटीच उरली होती. दिवाळीत तीही गेली. हे सगळं शालनने टेकता टेकता एका दमात सांगून टाकलं.

"काल एका काचेच्या दाराच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेला," सीताराम म्हणाला. "तो म्हणे, विंडोज उडालं. सीडी आणा, नाहीतर सगळं पुसून नवं टाकतो."

"पुसून!" शालन उसळली. "मी म्हटलं, तुझं दुकान पुसून टाकीन आधी."

"बरं केलंत," तरन्नुम म्हणाली आणि वायर जोडली.

पडदा काळा. इंग्रजीची एक ओळ उमटली, मशीन बंद पडलं, आपोआप पुन्हा सुरू झालं, पुन्हा तीच ओळ. शालन काही बोलणार, तर तरन्नुमने एक बोट वर केलं. आणि शालन, जिला पोलीस चौकीतही कुणी गप्प करू शकलं नव्हतं, ती गप्प बसली. ओळ परत आली तशी तरन्नुम तिच्याखाली बोट फिरवत पुटपुटत वाचू लागली. एकेक शब्द, न घाबरता. शालन ते बोट बघतच राहिली. आपल्यासारखं वाचणारं माणूस तिने पहिल्यांदा पाहिलं.

"याचं घड्याळ बरोबर चालायचं का?"

"चालायचं की," सीताराम अभिमानाने म्हणाला. "मी रोज लावायचो. सकाळी कॅलेंडर बघायचं, मशीनला तारीख सांगायची. नाही सांगितली तर ते आपलं मागेच राहायचं."

"रोज? किती दिवस?"

"वर्ष झालं असेल."

"सगळ्यांच्याच मशीनला सांगावी लागते ना?" शालनने विचारलं.

तरन्नुम हसली नाही. शालनने ते मनात टिपून ठेवलं. तरन्नुमने उलट विचारलं, "आणि रात्री?"

"रात्री मेन स्विच खाली. आमच्या वस्तीत मीटरच्या पेटीला आग लागली होती, तेव्हापासून कुणीच चालू ठेवून झोपत नाही."

"झालं तर मग." तरन्नुमने झाकण उघडलं आणि आतली नाण्याएवढी चपटी बॅटरी नखाने दाखवली. "लाइट नसताना मशीनची आठवण ही राखते. तुमच्याकडे रोज रात्री सगळा भार हिच्यावर. थकली बिचारी. आधी तारीख विसरली. परवा बाकीचंही विसरली, डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते. विंडोज उडालं नाही, ताई. ते आतच बसलंय. दार उघडायची रीत मशीन विसरलंय."

"मग सांगा की त्याला रीत!"

"थांबा. आग लागल्यावर आधी माणसं बाहेर काढता की फर्निचर? मी आधी तुमच्या बायका बाहेर काढते."

तिने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एक अख्खी वेगळी सिस्टीम होती. त्यावरून मशीन उठवायचं, आतल्या डिस्कवर काही न लिहिता फक्त वाचायचं. कुठे शिकलात, असं सीतारामने विचारलं, तेव्हा तरन्नुम स्क्रूचे डबे आवरत बोलली. वडील कासिमभाई रेडिओ दुरुस्त करायचे. दहावीनंतर शाळा सुटली. पहिला कॉम्प्युटर भंगारातून आला, तो सात महिने खोलला आणि जोडला. अडलेला इंग्रजी शब्द वहीत उतरवायचा, अर्थ कळेपर्यंत पुढे जायचं नाही. अशा नऊ वह्या झाल्या. "क्लासवाले म्हणाले, बायकांनी टायपिंग शिकावं. म्हटलं, तुम्ही शिका."

शालन मोठ्याने हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

आणि पडदा उजळला. अनोळखी निळा रंग, पण त्यावर शालनने स्वतः नाव दिलेलं फोल्डर: 'निवडणाऱ्या बायका'. तरन्नुमने ते उघडलं. एकेक चेहरा उमटत गेला. डोक्यावर पदर, कानात फुलं, पाठीमागे कांद्याच्या गोणी. एकशे बारा. मेलेल्या डब्यातून अख्खी वस्ती चालत बाहेर येत होती, आणि ही बाई नुसती चहा ढवळत बसली होती.

"यात सोजरबाई कोण?"

शालनने शेवटच्या व्हिडिओकडे बोट दाखवलं. तरन्नुमने व्हिडिओ लावला.

"चालू हाय का गं त्ये?" सोजरबाई पडद्यातून खेकसली. "लिव. म्या हितं पयलं पोतं निवडलं तवा शेडवर पत्रं बी नव्हतं. आन तू मला मदी मदी इचारू नगंस."

 शालनने पदराचं टोक दातात धरलं.

सगळं दुसरीकडे उतरल्यावरच तरन्नुमने बॅटरी बदलली, मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या निळ्या-पांढऱ्या तक्त्यात डिस्कशी बोलायच्या पद्धतीची एकच ओळ बदलली आणि बटण दाबलं. नेहमीचा आवाज करत घरचं मशीन उठलं. सीडी नाही, पुसणं नाही.

"आता मेन स्विच पाडला तरी चालेल," ती म्हणाली. "पण एकाच ठिकाणी काही ठेवायचं नाही. संघटना चालवता ना? एकाच बाईच्या जिवावर चालवता का?"

शालनला हा टोला लागला. आवडलाही.

सोमवारी सकाळी सीताराम सवयीने कॅलेंडरसमोर उभा राहिला, मग मशीन चालू करून खुर्चीत बसला. पडद्याच्या कोपऱ्यात आजचीच तारीख होती, सुनावणीची. रात्रभर अंधारात मशीनने ती एकट्याने धरून ठेवली होती. तो कितीतरी वेळ त्या तारखेकडे बघत बसला.

"अहो, उठा," शालन म्हणाली. तिने तीन पेन ड्राइव्ह तीन बायकांच्या चंचीत दिले, चौथा स्वतःच्या कमरेला खोचला. "सोजरबाईला उशीर झालेला चालत नाही."