पेंढ्याच्या टेम्पोमागे

‘ही राष्ट्रीय स्पर्धेत सायकल चालवून आलेली’ अशी कुणी माझी ओळख करून दिली की मी विषय बदलते. लोकांना तो विनय वाटतो. वाटू दे. खरं कारण घोटी-सिन्नर रस्त्यावरच्या दीड किलोमीटरमध्ये आहे आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

राष्ट्रीय स्पर्धेच्या टाइम ट्रायलसाठी राज्याच्या संघात मुलींची एकच जागा उरली होती. त्या जागेवर हक्क सांगण्याजोग्या आम्ही दोघीच, मी आणि माझी मैत्रीण. मी नाशिक रोडची. ती एकलहऱ्याची, तिचे वडील तिथल्या वीजकेंद्रात कामाला. चार वर्षं आम्ही दोघींनी सकाळी एकत्र सायकल चालवली. माझं चाक डगमगायला लागलं की तारा आवळून ते सरळ करून द्यायचे तेही तिचे वडीलच. आमच्या घरात सायकलमधलं कुणाला काही कळत नव्हतं, कौतुक मात्र भरपूर होतं.

टाइम ट्रायलमध्ये सगळ्या एकदम सुटत नाहीत. एकेकीला मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडतात आणि प्रत्येकीने एकटीने घड्याळाशी भांडायचं. कुणाच्या मागे चिकटायचं नाही, ना सायकलच्या ना गाडीच्या, कारण पुढचा वारा अडवतो आणि मागच्याला वेग फुकट मिळतो. नियम इतका सोपा आहे की तो मोडल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायचीही सोय नाही.

निवड चाचणीला पंच मोजकेच असायचे. म्हणून प्रत्येक मुलीच्या घरचं एक माणूस झेंडा आणि कागद घेऊन रस्त्यावर उभं राही. कुणी चुकलं तर तिचा नंबर कागदावर लिहून द्यायचा. त्यातही एक न बोललेली रीत होती. आपल्या मुलीची चूक दिसली तर लिहायची, पण जिला बाद केल्याने आपल्या मुलीचा फायदा होईल तिच्याबद्दल गप्प बसायचं. मागे कधीतरी यावरून दोन बापांनी एकमेकांची कॉलर धरली होती, तेव्हापासून हे ठरून गेलेलं. ही रीत मला चांगली माहीत होती, हे मुद्दाम सांगून ठेवते.

जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे सगळ्याच जणी राण्या होत्या. वळसा घेऊन परत फिरले आणि इगतपुरीकडचा वारा तोंडावर आला. मांड्या पेटल्या, वेग भराभर उतरायला लागला. रस्ता पूर्ण बंद नव्हता, गावची वाहनं अधूनमधून सोडत होते. भाताच्या पेंढ्याने खच्चून भरलेला एक टेम्पो हळूहळू माझ्या पुढे गेला आणि वारा बंद झाला. मी पाय थांबवून त्याला जाऊ द्यायला हवं होतं. मी त्याच्या मागे घुसले. त्या झाडापाशी सोडते, असं मनाशी म्हटलं. झाड गेलं. मग मोरीपाशी सोडते म्हटलं, मोरीही गेली. पुढे रस्त्याच्या कडेला झेंडा धरून उभे असलेले मैत्रिणीचे वडील दिसले. त्यांनी आधी टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहायची आज लाज वाटते. बरं झालं, काकाच आहेत, असं आलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं.

तिच्यापेक्षा माझी वेळ नऊ सेकंदांनी कमी भरली.

निकाल जाहीर व्हायच्या आधी काका रस्त्यावरून चालत आले. मी सावलीत बसले होते. त्यांनी माझ्या हेल्मेटच्या फटीत अडकलेली पेंढ्याची काडी काढली, बोटांत धरली आणि बाजूला टाकली.

“बाळा, कागद अजून माझ्याकडंच हाय,” ते म्हणाले. “रीतीपायी मला काय लिहिता येत नाय त्यावर. तुला काय सांगायचंय का?”

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

“वारा लय होता काका,” मी म्हटलं.

“व्हय, वारा व्हता,” ते म्हणाले आणि कोरा कागद पंचांकडे देऊन आले.

राष्ट्रीय स्पर्धेत माझा नंबर शेवटून मोजायला सोपा होता. तिथे रस्ता बंद होता आणि टेम्पो नव्हता. शिबिर आणि स्पर्धेच्या त्या तीन आठवड्यांत मैत्रिणीचा एकच मेसेज आला, शुभेच्छांचा. मला वाटलं, हिला बापाने सगळं सांगितलंय आणि ही मानी असल्यामुळे बोलत नाहीये. तसं असेल तर बरंच, असंही वाटलं. निदान कुणाला तरी माहीत असेल आणि ती मला शिव्या देत असेल.

परतले तेव्हा सकाळी नाशिक रोड स्टेशनवर ते दोघंही न्यायला आलेले. काकांनी न विचारता माझी सायकलची बॅग खांद्याला लावली. मैत्रीण मला मिठी मारून म्हणाली, की तिने बाबांना रोज एकच विचारून हैराण केलं होतं, आपले नऊ सेकंद गेले कुठे.

“शेवटी बाबा म्हणाले, परतीच्या वाऱ्यात तुझ्यासारखी कुणीच चालवत नव्हती. मला शिकव ना. पुढच्या वर्षी मला जायचंय.”

मी काकांकडे पाहिलं. ते बॅगेचा पट्टा आवळत होते, आधीच आवळलेला. त्या माणसाला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी तो स्वतःच्या मुलीशी खोटं बोलला होता. आता एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन, आणि मला ती दोन्ही येत होती.

मी म्हटलं, कोपरं आत घ्यायची, खांदे चोरायचे, मान खाली. तिने हातातली माझी दुसरी बॅग तिथेच फलाटावर ठेवली, हात पुढे धरून वाकली आणि विचारलं, अशी का? काका बघत होते. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि ती आणखी थोडी खाली दाबली.