जट कापल्यावर

माणसाला म्हातारं करायला मला वीस मिनिटं लागतात, आणि म्हाताऱ्याला तरणा करायला चाळीस. त्यातही त्याने मध्येच तंबाखू मागितली नाही तर. पोटासाठी मी साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो; जीव मात्र हौशी नाटकांच्या रंगपटात अडकलेला. एकदा राजाची मिशी विंगेत हरवली, तेव्हा मी काजळाने अशी मिशी काढून दिली की राणीसुद्धा फसली. असले किस्से मी लग्नाच्या पंगतीत हातवारे करून सांगतो आणि जिलबी दोनदा वाढून घेतो. एक किस्सा तेवढा पंगतीत सांगत नाही. तो सांगितला की घास खाली उतरत नाही, माझाच.

एसटी स्टँडसमोर तेव्हा एक भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या वरच्या पायरीवर एक म्हातारी राहायची. झोपायची असं म्हणत नाही, राहायचीच. तिचं बोचकं तिथे, पाण्याचा तांब्या तिथे, ऊन-पाऊस तिथे. डोक्यावर एकच जट होती, जुन्या दोरखंडासारखी, कमरेखाली पोचणारी. ती मांडीवर वेटोळं करून ठेवायची, जणू मांजरच झोपलंय. केस गुंतून जट झाली की देवीचं बोलावणं आलं, ती कापायची नाही, कापली तर घरादाराचं वाटोळं, असं आमच्याकडे लोक मानत. तिच्या सासरच्यांनी तेच मानून तिला देवीच्या नावाने घराबाहेर काढलं होतं. गाव पाटणच्या पलीकडचं. त्याला वीसेक वर्षं झाली होती.

पण तीच जट तिला जगवतही होती. मंगळवारी आणि शुक्रवारी गाड्या बदलायला उतरणाऱ्या बायका तिच्यापुढे बसायच्या, हळदीकुंकू वाहायच्या, तेलाचं बोट जटेच्या शेंड्याला लावायच्या आणि भाकरी, केळं, नारळाची कवड ठेवून जायच्या. भांडेवाल्याचाही पक्का समज होता की आई पायरीवर बसल्यापासून धंद्याला बरकत आहे. सकाळी कुलूप काढायच्या आधी तो तिला हात जोडायचा.

आणि आम्ही होतो सुधारक. सहा जणांचं मंडळ. दर रविवारी चहा पिऊन अंधश्रद्धा हटवायची. आमच्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी म्हातारीची मान तपासली आणि चहा अर्धा ठेवला. जटेच्या ओझ्याने मान वाकून गेली होती, आत उवा, खाली जखम, जखमेत पू. कापणं भागच होतं. हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगेन.

म्हातारीला पटवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी तीन मंगळवार पायरीवर बसून भाषणं ठोकली. शेवटी म्हणालो, "आई, देवी कोपलीच तर माझ्यावर कोपू दे. मी जबाबदार!"

तिने वाकल्या मानेनेच माझ्याकडे तिरपं बघितलं. "बगा हं मास्तर. मागनं पळून जाशीला."

"मी? छे!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कात्री चालवली. कापलेली जट तान्ह्या बाळांच्या काट्यावर ठेवली, तर चांगल्या गुटगुटीत बाळाएवढी भरली. म्हातारी बोळकं उघडून हसली. "माजं बाळंतपणच झालं म्हना की!"

तिच्याच अटीप्रमाणे आम्ही जट माहुलीच्या संगमावर नेऊन सोडली. परत येताना ती रस्त्यात थबकली आणि वर बघत राहिली. वर अजिंक्यतारा. इतकी वर्षं ती त्या किल्ल्याच्या पायथ्याशी बसली होती आणि माथा तिने कधी पाहिला नव्हता.

"डोंगार लय उच्च हाय की वो," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की त्या रविवारी मंडळाला भजी मी खिलवली.

पुढच्याच मंगळवारी मी मुद्दाम समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो, आपली कलाकृती बघायला. उंब्रजकडच्या दोन बायका आल्या. पायरीवर कापल्या केसांची एक म्हातारी बसलेली.

"म्हातारे, हितं जटंची आई बसायची. कुटं गेली गं?"

"मीच की."

"आगं, देवीची चेष्टा करतीस व्हय?" त्यातल्या थोरलीने पुढे केलेली भाकरी परत फडक्यात बांधली. "तोंड बगा! म्हनं मीच!"

नैवेद्य घेऊन त्या दोघी स्टँडमागच्या पिंपळाकडे गेल्या. पिंपळाला तरी कुठे जट होती! पण त्याला कुणी विचारत नव्हतं.

त्या आठवड्यात तिला एकही भाकरी मिळाली नाही. बरं, हात पसरून मागणं तिला जमत नव्हतं. वीस वर्षं लोक तिच्या पाया पडले होते. ती मागणार कशी? कापल्या केसांमुळे पोरंटोरं तिला वेडी समजायची. भांडेवाला संध्याकाळी दुकान बंद करताना पायरीवर दोन बादल्या पाणी ओतायला लागला. कार्तिकातली थंडी, दगड पहाटेपर्यंत ओला.

मी त्याला गाठलं. "शेठ, माणुसकी काही आहे की नाही?"

"आहे की मास्तर. तुमच्या घरी पायरी नाही का?"

आम्ही डब्याच्या पाळ्या लावल्या. सहा जण, सहा दिवस, एकादशीला उपास. पंधरा दिवस झकास चाललं. मग एकाची बदली झाली, एकाच्या मुलीचं लग्न निघालं, एकाला वाटलं दुसऱ्याचा वार आहे. डॉक्टरीणबाई आणि मी उरलो. आणि डबा पोटाला पुरला तरी ओल्या दगडाचं काय? तिला खोकला लागला. थंडी वाढत होती आणि मी उंबरे झिजवत होतो. एका महिलाश्रमात म्हणाले, वय जास्त आहे. एका वृद्धाश्रमात म्हणाले, कोणाची सही?

"हिला कोणीच नाही."

"बरोबर. म्हणून तर ठेवून घेऊ. पण सही कोणाची?"

देवळाच्या ओवरीत पुजाऱ्याने तिचे केस बघून नकार दिला. रेल्वेकडे म्हणून निघालो, तर डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "अहो, तिथे काय तिला गाडीत बसवून देणार?" खरं सांगायचं तर हो, तोही विचार माझ्या मनात येऊन गेला होता. दुसऱ्या गावाला ती मेली तर मला कळणार नाही, एवढाच त्यातला फायदा.

शेवटी सांगलीला एक वृद्धाश्रम कळला. गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी एक फॉर्म दिला. तळाशी लिहिलं होतं की सदर व्यक्ती आजारी पडल्यास पालक तिला घरी घेऊन जातील. खाली पालकाची सही, त्याच्या बाजूला नातं.

फॉर्म घडी करून खिशात घातला आणि पाय आपोआप वळले ते पेठेत. तिथे नाटकासाठी केसांचे टोप विणणारे एक वयस्क गृहस्थ होते. स्पर्धेच्या वेळी दाढ्यामिशा आम्ही त्यांच्याकडूनच आणायचो.

"जट पाहिजे," मी म्हणालो.

"ऋषी करताय?"

"नाही. बाई आहे."

"पौराणिक?"

"सामाजिक," मी म्हणालो, आणि मला हसूही आलं नाही.

एका खिशात कोरा फॉर्म आणि पिशवीत अंबाडीचे धागे, घोड्याचे केस, काळी लोकर असा मी साताऱ्याला परतलो. घरी फॉर्म बायकोपुढे ठेवला. आमच्या दोन खोल्या, दोन मुली, बाहेरच्या खोलीत माझ्या रंगाच्या ट्रंका.

तिने तो दोनदा वाचला. "ट्रंका हलवता येतील," ती म्हणाली.

"बघू," मी म्हणालो.

माझी सही फार देखणी आहे. प्रगतिपुस्तकांवर मी ती झोकात करतो. त्या रात्री पेन हातात घेऊन बसलो आणि ती काही झाली नाही. त्याऐवजी जट मात्र चार दिवसांत अशी झाली की ज्याचं नाव ते! चिंध्यांचा गाभा, वर अंबाडी आणि केस, डिंक, राख, हळद. शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात म्हातारीला बसवलं. डोक्याभोवती पट्टी बांधली आणि कपाळाशी, कानाशी मिशा चिकटवायच्या गमने कडा बसवल्या.

मला वाटलं होतं ती रागावेल. अंधश्रद्धा हटवायची माझी भाषणं तिने ऐकली होती. तिने जट हातात घेऊन तोलली. "हलकी हाय. मान कशी वाकायची?"

"वाकवून धरायची. अभिनय."

"म्हंजी पयल्यागतच," ती म्हणाली आणि मान खाली घातली. वीस वर्षांची तालीम. मला काही शिकवावं लागलं नाही.

आईची जट पुन्हा आली! स्टँडवर बातमी फिरली. एवढी लांब जट एका महिन्यात उगवली, म्हणजे केवढा चमत्कार! पहिल्यापेक्षा दुप्पट भाकरी. भांडेवाल्याने पायरी पुसून कोरडी केली, वर पोतं घातलं. दर सोमवारी आणि गुरुवारी मी गुपचूप कडा पुन्हा चिकटवत होतो. मंडळाला मी काही बोललो नाही. रविवारी चहा मात्र नियमाने प्यायचो. तिचा खोकला कमी झाला होता, हे डॉक्टरीणबाईंनी आनंदाने नोंदवलं. जट बघून त्यांनी फक्त चष्मा पुसला.

असे पाच आठवडे गेले. मग शाकंभरी पौर्णिमेला लागून शुक्रवार आला. स्टँडवर ही गर्दी. कडेगावकडची एक बाई नवस फेडायला आली होती. तिच्या हातात तेलाची अख्खी बाटली. एरवी बायका जटेच्या शेंड्याला बोट लावायच्या; हिने "आई गं, लेक वाचली माजी!" म्हणत बाटली डोक्यावरच उपडी केली.

आता मजा बघा. नाटक संपल्यावर नटांच्या मिशा मी कशाने काढतो? खोबरेल तेलाने. हजारो मिशा काढल्या असतील. आणि ज्या बाईच्या डोक्यावर गावोगावच्या बायका तेल घालतात, तिला मी त्याच गमने चिकटवून बसवली होती.

मी टपरीवरून बघत होतो. कपाळावरची कड उकलली. पट्टी घसरली. म्हातारीने दोन्ही हातांनी धरायला बघितलं, पण हातही तेलाचे. जट पायरीवरून खाली गेली आणि चिंध्यांचा गाभा बाहेर आला.

मग नवसवाल्या बाईने किंकाळी फोडली. "आगं रांडं, माज्या लेकीच्या नवसात चिंध्या?" कुणी केळं फेकलं, कुणी खेटर. भांडेवाल्याने तिचं बोचकं उचलून रस्त्यात भिरकावलं.

"कोनी शिकीवलं तुला हे? बोल! कोनाची टोळी हाय?"

म्हातारीने मान वर केली. तेल डोळ्यांत उतरत होतं. तिने गर्दीवरून सरळ टपरीकडे बघितलं, माझ्याकडे, आणि म्हणाली, "कोनी न्हाई. माजं मीच केलं."

माझ्या हातात ग्लास होता. नाटकात माझा एकही प्रवेश कधी चुकला नव्हता. इथे एवढं मोठं वाक्य ठेवलेलं होतं, 'मी केलं' म्हणून, आणि मी टपरीच्या खांबाआड सरकलो.

गर्दी पांगायला अर्धा तास गेला. मग मी रस्ता ओलांडला, बोचकं उचललं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "च्या संपला का मास्तर?"

तिला घरी आणली. दुसरी जागाच उरली नव्हती. तिला नाही आणि मलाही नाही. बायकोने दार उघडलं, आम्हा दोघांना बघितलं आणि बंब पेटवला. शिकेकाईने तिचं डोकं धुताना आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. मी ट्रंका हलवत होतो.

आठ दिवस ती आमच्याकडे राहिली. मग बायकोने फॉर्म मागून घेतला आणि स्वतः सही केली. नात्याच्या जागी अडली. "काय लिहू?"

"काय बी लिवा," म्हातारी म्हणाली. "फकस्त आई नका लिवू."

बायकोने शेजारीण असं लिहिलं. सांगलीला व्यवस्थापकांनी भुवया वर केल्या. "शेजारी म्हणजे कुठे राहायच्या या?"

"त्या पायरीवर, आम्ही घरात," बायको म्हणाली.

त्यांनी महिनाभरासाठी ठेवून घेतलं, पुढचं पुढे बघू म्हणाले. महिना भरला की मी येतो, असं मी फाटकात उभं राहून सांगितलं. चांगला खर्जातला आवाज लावला.

"नाटकातलं नगं," ती म्हणाली. "खरं सांगा."

"येतो," मी पुन्हा म्हणालो. या वेळी खर्ज लावला नाही.

गेलो, पण महिन्याने नाही. मध्ये स्पर्धा आली, तालमी आल्या, दोन राजे आणि एक भूत रंगवायचं होतं. गेलो तो दीड महिन्याने. ती फाटकाच्या आतल्या बाजूला, जमिनीवर बसली होती. पंधरा दिवस रोज सकाळी तिथेच येऊन बसते, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. केस बोटभर वाढले होते, विंचरलेले होते. मांडीवर बोचकं होतं, गाठ पक्की मारलेली.

मला बघून ती भिंतीला धरून उठली. बोचकं काखेला मारलं.

"चला," ती म्हणाली. "आता कुटं न्हेताय?"

मी तिला तिथेच बसायला सांगितलं आणि अजून महिनाभर ठेवून घेता का, हे व्यवस्थापकांना विचारायला आत गेलो.