माझ्या फोनचं अपडेट आणि माझं निधन

भवानी पेठेतल्या आमच्या बोळात मी वारले, आणि ही बातमी सगळ्यात शेवटी मला कळली.

मी सुनंदा कांबळे. सारी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली, त्यामुळे बोळात मला अजून सिस्टरच म्हणतात. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा राहुल लांब पुण्याला कंपनीत. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. "आई बरी आहेस ना, औषधं घेतेस ना, जेवलीस ना, बरं ठेवतो!" हे सगळं एका दमात. (सकाळी नऊला कोण जेवतं, हे विचारायच्या आत फोन बंद!) मग पुढच्या रविवारपर्यंत मी, टीव्ही आणि कूलर.

अशात एक दिवस फोननंच मला विचारलं, "नवीन अपडेट आलं आहे. आत्ता इन्स्टॉल करायचं की नंतर आठवण करू?"

मी "नंतर आठवण करा" दाबलं. दुसऱ्या दिवशी त्यानं इमानदारीनं आठवण केली. म्हटलं, चला, कोणी तरी रोज चौकशी करतंय!

पण करायचं की नाही? मी राहुलला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.

"आई, करून टाक गं. त्यात काय विचारायचं?"

"आतले फोटो गेले म्हणजे?"

"नाही जात."

"तुझ्या बाबांचे आहेत रे त्यात."

तो म्हणाला, "थांब, संध्याकाळी बोलतो." आणि संध्याकाळी खरंच बोलला! चक्क बुधवारी! दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचाच फोन, "केलंस का?" मी म्हटलं, "नाही बाबा, बापूमामाला विचारते आधी."

बापू माझा धाकटा भाऊ. सांगोल्याला डाळिंबाची बाग बघतो. तो फोनवर ओरडूनच बोलतो, कारण सांगोला लांब आहे.

"आक्का, फोन चालतोय न्हवं?"

"चालतोय की."

"मग हात लावू नगंस! बोअरची मोटर चालू आसताना कुणी खोलून बघतंय व्हय?"

शेजारच्या रझियाभाभी तर चहा घेऊनच आल्या. "सिस्टर, मेरी सुनो, बिलकुल करू नका. आमच्या ह्यांचा फोन अपडेट के बाद ऐसा गरम झाला, ऐसा गरम झाला, की वर चपाती भाजून घ्यावी!" मग त्या चांगल्या तासभर बसल्या. त्यांच्या सुनेचं सगळं मला त्या दिवशी कळलं.

आता तुम्हीच सांगा, मी अपडेट कशाला करू? मुलगा रोज फोन करतोय, भाऊ ओरडतोय, शेजारीण चहा आणतेय! एकदा ते बटण दाबलं की सगळं मिटलंच की. मी शंका काढत बसले. बॅटरी किती लागेल? मध्येच लाईट गेली तर? पेन्शनचा मेसेज येईल ना? राहुल म्हणाला, "मी व्हिडिओ कॉलवर थांबतो, सांगतो तसं कर." मी विचारलं, "फोन बंद झाल्यावर तू कशातून सांगणार?"

पण ताणायला मर्यादा असते. एका संध्याकाळी तो वैतागला. "आई, तुला करायचं असेल तर कर, नसेल तर सोड. पण हा विषय आता पुन्हा काढायचा नाही!"

मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाभी कुणाच्या तरी लग्नाच्या तयारीत गुंतल्या. बापूच्या बागेत फवारणी निघाली. मी कोपऱ्यावर भाजी आणायला गेले, तेव्हा आमच्या बोळातले नरसय्या भेटले. त्यांचे घरी टॉवेल विणायचे लूम आहेत. मी "नरसय्या, फोनचं जरा..." एवढंच म्हटलं, तर ते सायकल न थांबवताच म्हणाले, "टाइम नाही सिस्टर, लूम चालू हाय!" आणि गेले. मी पिशवीतल्या मेथीशी बोलत घरी आले.

रविवारी तर राहुलनं फोनच केला नाही, नुसता गुड मॉर्निंगचा फुलांचा फोटो पाठवला. दुपारी जेवण झाल्यावर मला एकदम राग आला. म्हटलं, रात्रपाळीला एकटीनं अख्खा वॉर्ड सांभाळणारी बाई मी, आणि एका बटणासाठी दारोदार फिरतेय? टाकतेच करून! पण न सांगता कसं करायचं? फोन बंद असताना कुणी लावला आणि काळजी केली म्हणजे? (बघा, किती समजूतदार!) म्हणून मी घरच्या ग्रुपवर नीट निरोप लिहिला:

"शेवटी ठरवलं. रोज विचारून सगळ्यांना त्रास दिला, माफ करा. आता कोणाला काही विचारणार नाही. पंधरा-वीस मिनिटांत सगळं संपेल. सगळे सुखी राहा. राहुल, वेळेवर जेवत जा."

मग बटण दाबलं. फोन काळा झाला. पुढच्या खोलीत चार्जिंगला लावून थोडा वेळ त्याच्यासमोर बसले. पडद्यावरची अपडेटची रेघ काही पुढे सरकेना. शेवटी पुढच्या दाराला आतून कडी घातली, मागच्या खोलीत जाऊन कूलर फुल्ल केला आणि आडवी झाले. आमचा कूलर लावला की विमानात बसल्यासारखं वाटतं, बाहेरचं काही ऐकू येत नाही. आणि गंमत सांगते, फोन वाजेल म्हणून कान द्यायचा नव्हता, त्यामुळे मला कित्येक महिन्यांनी अशी गाढ झोप लागली!

इकडे राहुलनं निरोप वाचला आणि फोन लावला. बंद! त्यानं बापूला लावला, बापूनं भाभींना. भाभी लग्नाच्या पंगतीतून उठून रिक्षानं निघाल्या. राहुलनं पुण्याहून गाडी काढली. बापू मोटरसायकलवर बसला. तोवर माझं अपडेट झालं, फोन चालू झाला आणि वाजायला लागला. हे तर आणखीच वाईट! आधी निदान बंद होता, आता वाजतोय आणि बाई उचलत नाही! बाहेर जमलेल्या लोकांनी दाराला कान लावले, आत रिंग ऐकली आणि सगळ्यांची खात्रीच पटली.

लाईट गेली तेव्हा मला जाग आली. कूलर थांबला आणि बाहेरची रडारड ऐकू आली. "सिस्टर गयी गे माँ, सिस्टर गयी!" मी ताडकन उठले. मागच्या बोळात एक फार म्हाताऱ्या सिस्टर राहतात, मला वाटलं त्याच गेल्या. नर्सचा पाय अशा वेळी थांबत नाही. मागच्या दाराची कडी काढून निघाले, तिथं सामसूम होती म्हणून आवाजाच्या दिशेनं वळसा घालून गर्दीच्या मागे येऊन उभी राहिले; गर्दीत कुणाचं दार तेही दिसेना. पुढे नरसय्या टाचा उंच करून बघत होते.

मी हळू आवाजात विचारलं, "कधी गेल्या हो?"

"आत्ताच की," ते मान न वळवता म्हणाले.

"आजारी होत्या?"

"कुठं? चांगल्या होत्या की. पोराला चिठ्ठी पाठवली म्हणे फोनवर."

"अगं बाई! एवढं काय दुःख होतं?"

"घरात बोलायला कुणी नव्हतं की ओ." नरसय्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. "परवा कोपऱ्यावर मला फोनचं काय तर विचारत होत्या. मी थांबलो नाही. लूम चालू हाय म्हटलं. दोन मिनिटं थांबायला पाहिजे होतं."

आणि मग माझ्या लक्षात आलं की गेलेली बाई माझ्या ओळखीची आहे. फारच ओळखीची आहे. त्या बाईबद्दल मला खरंच वाईट वाटलं. पण तोंड काही गप्प बसेना!

"नरसय्या, त्या दिवशी तर सकाळपासून लाईट नव्हती. लूम कसा चालू होता?"

नरसय्या वळले. त्यांनी मला पाहिलं आणि जी किंकाळी मारली, ती ऐकून पुढच्यांनी घाबरून दाराला एकच धक्का दिला. दार कडीसकट आत! सगळे आत घुसले आणि मी त्यांच्या मागून आत गेले. भाभींनी मला पाहून आधी कलमा म्हटला, मग माझ्या पाठीत एक रट्टा घातला, मग गळ्यात पडून रडल्या. तेवढ्यात बापू येऊन पोचला. तो "आक्काऽऽ" करत उंबऱ्यातच कोसळला. मी त्याला हाताला धरून उठवलं, तेव्हा तो म्हणाला, "बाजूला व्हा ओ, आक्काला बघू द्या!"

मग काय, मी चहा टाकला. पातेलं पुरेना, भाभींकडून मोठं आणलं. ज्यांना ज्यांना मी फोनचं विचारून पळवून लावलं होतं, ते सगळे माझ्या घरात मांडी घालून बसले होते. मी दोनदा साखर जास्त टाकली. सगळ्यांनी कप रिकामे केले.

भाभींनी त्यांच्या फोनवरून राहुलला लावून दिला. मी "हॅलो" म्हटलं, तर तो म्हणाला, "आई, तू... मी इंदापूरला आहे."

"मी बरी आहे रे. नुसतं अपडेट केलं."

"बरं. मग मी इथूनच परत फिरू का? उद्या ऑफिस आहे."

माझा फोन समोरच होता. लखलखीत चालू! त्यावर मिस्ड कॉलची एवढी मोठी रांग लागली होती की मला ती पुसावीशी वाटेना. मी तो उपडा ठेवला आणि म्हटलं, "फोन पार बिघडला बघ. काहीच कळत नाही."

संध्याकाळी तो आला. गर्दी पांगली होती. दार भिंतीला टेकून उभं होतं. त्यानं माझा फोन हातात घेतला.

"काय बिघडलंय?"

"अक्षरं बारीक झाली."

त्यानं मोठी केली.

"आवाज कमी येतो."

त्यानं वाढवला.

"बाबांचे फोटो?"

त्यानं उघडून दाखवले. सगळे होते. आम्ही दोघं ते बघत बसलो, मग त्यानं विचारलं, "अजून?"

मी पुष्कळ शोधलं. एकही दोष सापडेना! दवाखान्यात खोटं पोट दुखणारे पेशंट असायचे. घरी कोणी विचारत नाही म्हणून पलंग सोडायचे नाहीत. मी त्यांना दारातूनच ओळखायची आणि सांगायची, "काही झालेलं नाही, उठा, घरी जा!" फार कडक होते मी.

राहुलनं फोन खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "केस अवघड दिसतेय. दोन दिवस थांबून बघावं लागेल."

मी लगेच म्हटलं, "दोन दिवसांत काय गुण येणार? निदान आठवडा तरी लागेल!"